प्रत्येक प्रश्नाला एंटर

"…मग किती सेकंद थांबवू, बाई? तेवढं एक सांगा."

बाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशासाठी थांबवायचं?"

"विंडो उघडेपर्यंत. दोन सेकंद ठेवले होते, कमी पडले. पाच केले, तरी मधूनच चुकतो. आता आठ करू की दहा?"

"दहा कमी पडले तर?"

"मग बारा."

"आणि बाराही कमी पडले तर?"



हा विचारणारा हर्षल फालक. बाईंच्या पॉलिटेक्निकमधल्या शेवटच्या बॅचचा विद्यार्थी. पोरगा हुशार आहे, फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक आहे. बाई म्हणजे कुमुद भिरूड. आमच्या गावात नुसतं 'बाई' म्हटलं तरी कळतं. आणि मी दिगंबर, हर्षलच्याही कितीतरी आधीचा विद्यार्थी. बाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. त्या दुपारी मी तिथेच बसलो होतो. जे ऐकलं ते सांगतो. ते आठवलं की माझं डोकं अजून फिरतं, तेव्हा एखादा शब्द तिखट गेला तर चालवून घ्या.

तर आमच्याकडे ट्रस्टचा दवाखाना आहे, त्यात डायलिसिसची खोली. किडन्या गेलेल्या माणसांचं रक्त तिथे मशीनवर धुऊन देतात. प्रत्येकाची ठरलेली पाळी असते. पाळी चुकली की अंगात पाणी साठत जातं, पाय सुजतात, मग श्वास घेणं अवघड होतं. पाळी म्हणजे त्या माणसांचा जीव, सरळ सांगायचं तर.

या पाळ्यांचं सॉफ्टवेअर जुनं. बनवणारे कुठे गायब झाले देव जाणे. रोज संध्याकाळी त्यात एकेका पेशंटची विंडो उघडायची, 'आले' किंवा 'नाही आले' हे बटण दाबायचं, मग 'जतन करा'. की पुढची पाळी लागते. एखाद्याचं कोरं राहिलं तर सॉफ्टवेअर त्याला गैरहजर धरतं. लता सिस्टर हे सगळं हाताने करायच्या. हर्षलने त्याच्यासाठी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे माणसाच्या जागी माउस हलवणारा, बटणं दाबणारा प्रोग्रॅम. सिस्टरांनी हजेरी कागदावर… म्हणजे एक्सेलमध्ये टाकायची, बाकीचं तो आपोआप करणार.

ट्रस्टींनी हर्षलला शाल-श्रीफळ दिलं. "माणसाशिवाय चालणारी नोंद" असं बॅनरवर लिहिलं होतं. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला, माझ्याकडे तर तो त्याने स्वतः पाठवला.

आणि हा मॅक्रो मधूनच चुकायचा. कधी चुकेल याचा नेम नाही.

इंदिराबाई तायडे म्हणून एक बाई आहेत, नदीपलीकडच्या गावच्या, एकट्या राहतात. कितीतरी वर्षं न चुकता मशीनवर येणाऱ्या. मॅक्रोने त्यांना लागोपाठ गैरहजर लावलं. सॉफ्टवेअरने त्यांचं नाव काढलं आणि पाळी दुसऱ्याला दिली. परवा त्या नेहमीसारख्या आल्या, तर काउंटरवरचा नवा माणूस स्क्रीनकडे बघून म्हणतो, "तुम्ही येत नाही ना, म्हणून नाव गेलं तुमचं."

बाई समोर उभी आहे. सुया टोचून टोचून हाताला गाठी आल्यात. आणि हा तिला सांगतोय की तू येत नाहीस.

परत पाठवलं तिला.

आज लता सिस्टर सुट्टीवरून आल्या. "माझी इंदिराबाई कुठंय?" म्हणून त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला. तेव्हा कुठे डॉक्टर बोंड्यांना कळलं. त्यांनी हर्षलला फोन केला की आजच्या आज चूक शोध, नाहीतर मॅक्रो बंद. हर्षल लॅपटॉप घेऊन धावत बाईंकडे आला, आणि सगळं भराभर सांगून झाल्यावर त्याने काय विचारावं, तर किती सेकंद थांबवू.

त्याला त्या फोनमधलं 'मॅक्रो बंद' एवढंच ऐकू आलं होतं, असं माझं मत. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो.

बाईंनी आधी वेगळंच विचारलं होतं.

"ती बाई परत आली का?"

"दवाखान्याचे लोक बघतायत."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि शेंगांकडे वळल्या.

आता त्यांनी एक शेंग सोलून दाणे वाटीत टाकले.

"बसची वाट बघतोस तेव्हा किती सेकंद बघतोस?"

"बस येईपर्यंत."

"दहा सेकंद झाले, बस आली नाही. तरी पाय उचलून टाकतोस का पुढे? बसची पायरी असेल असं धरून?"

मला हसू आलं. हर्षलने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घोरपड आहे.

"पण बाई, विंडो आलीय की नाही, हे मॅक्रोला कसं कळणार?"

"विचारून."

"कुणाला?"

"कॉम्प्युटरला. कुठल्या नावाची विंडो उघडी आहे, हे त्याला माहीत असतं. तू कधी विचारलंस?"

"…नाही."

"इंदिराबाईंचीच विंडो का उशिरा उघडते?"

"त्यांची फाइल जड आहे ना. सगळ्यांत जुन्या पेशंट. ढीगभर रिपोर्ट आहेत, ते सगळे लोड होतात. तोवर माझा क्लिक मागच्या विंडोवर पडून गेलेला असतो."

"म्हणजे जी बाई सगळ्यांत जास्त वर्षं आली, तीच तुझ्याकडे गैरहजर."

हर्षलने ओठ चावला. बाई पुढची शेंग घेईनात.

"बाई, मुद्दाम केलंय का मी?"

"बटण कसं शोधतोस?"

"जागेवरून. स्क्रीनच्या डावीकडून इतकं, वरून इतकं."

"नावाने नाही?"

"जागा सोपी पडते. रोज तिथेच तर असतं."

"चालवून दाखव."

त्याच्या लॅपटॉपवर दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची सरावाची प्रत होती. मागच्या पंधरवड्याच्या नोंदी त्यात तशाच उतरवलेल्या. त्यात काहीही केलं तरी दवाखान्यात काही बदलत नाही. हर्षलने एक कळ दाबली. माउसचा बाण आपला आपण पळायला लागला. विंडो उघडतेय, बटण दबतंय, बंद होतेय, पुढची उघडतेय. खोटं कशाला बोलू, बघायला गंमत वाटते.

"बघा," हर्षल म्हणाला. "नेमका तुमच्यासमोर नीट चालतो."

"बंद कर. परत पहिल्यापासून लाव. कळ मी सांगेन तेव्हा दाबायची."

बाईंनी शेंगांखालचं फडकं उचललं, टरफलं ताटात झटकली, आणि ते फडकं लॅपटॉपच्या स्क्रीनवर टाकलं.

"बाई, दिसत नाही आता."

"कुणाला?"

"मला."

"तुझ्या मॅक्रोला बघावं लागतं का?"

हर्षलच्या चेहऱ्यावर ती त्याची ओळखीची मिजास आली.

"नाही. त्याला काही फरक पडत नाही."

बाईंनी फडक्याखाली हात घातला, थोडं काहीतरी केलं, हात बाहेर काढला.

"दाब."

त्याने कळ दाबली. फडक्याखालून टकटक ऐकू येत राहिली. आम्ही तिघं एका फडक्याकडे बघत बसलो होतो. शेजारच्या कुणी डोकावलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे. शेवटी घंटीचा बारीक आवाज आला.

"झालं," हर्षल म्हणाला.

"काय झालं?"

"सगळ्या नोंदी झाल्या."

"खात्री?"

"घंटी वाजली ना, बाई."

बाईंनी फडकं उचललं.

खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्व नोंदी यशस्वी'. आणि सॉफ्टवेअरची विंडो कोपऱ्यात सरकलेली, अर्धी स्क्रीनच्या बाहेर गेलेली. हर्षलने एकेक पेशंट उघडून बघितला. सगळे कोरे. एकाच्याही नावापुढे काही नव्हतं.

"ही फसवणूक आहे," तो म्हणाला. आवाज चढला होता. "विंडो तुम्ही हलवलीत."

"हलवली."

"दवाखान्यात कोण हलवायला जातंय?"

"कुणीही. काउंटरवरचा माणूस मॅचचा स्कोअर बघायला ती बाजूला सारेल. उद्या कुणीतरी मोठा मॉनिटर आणून लावेल. टेबल पुसताना कुणाचा तरी हात माउसला लागेल. ते 'यशस्वी' तू कधी लिहितोस?"

"शेवटची ओळ चालून झाली की."

"बटण दबलं की नाही, ते बघून?"

"…नाही."

"म्हणजे तू थकलास की यशस्वी."

माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "आणि त्या यशस्वीच्या जिवावर तिकडे एका बाईला दारातून हाकललं, हर्षल."

"दिगूभाऊ, तुम्ही टायपिंग शिकवा," तो म्हणाला. "यातलं तुम्हाला काय कळतं?"

कानशिलात द्यावीशी वाटली. खरंच सांगतो. मी उठलोही.

"दिगंबर, बस खाली," बाई म्हणाल्या. "आणि हर्षल, तुला मॅक्रो शब्द नीट उच्चारता येत नव्हता तेव्हा तुझं पहिलं सबमिशन याने रात्री बसून दुरुस्त करून दिलंय. तोंड सांभाळ."

मी बसलो. बाईंनी फडकं घडी घालून मांडीवर ठेवलं.

"अजून काय लपवलंस?"

"लपवलं नाही काही."

"मधेच दुसरी एखादी छोटी विंडो आली तर तुझा मॅक्रो काय करतो?"

त्याने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. तिथेच मला कळलं की इथे काहीतरी आहे.

"एंटर."

"कुठली विंडो आली तर?"

"कुठलीही. छोटी विंडो आली की एंटर. पहिल्या महिन्यात सारखा अडायचा तो. अडला की मला फोन. जेवताना फोन, बहिणीच्या साखरपुड्यात फोन. मग मी ती ओळ टाकली. तेव्हापासून अडला नाही. सगळे असंच करतात, बाई, कुणालाही विचारा."

"त्या छोट्या विंडोत काय लिहिलेलं असतं?"

"काहीतरी वॉर्निंग असते."

"काय?"

"असते काहीतरी."

"मी काय विचारलं?"

"…वाचलं नाही."

बाई चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. वर्गात आवाज उतरला की मागच्या बाकावरचीसुद्धा वह्या उघडून बसायची. मी इतक्या वर्षांनी त्या आवाजाला घाबरलो.

"ती ओळ काढ."

त्याने काढली, विंडो जागेवर आणली आणि सरावाची प्रत परत पहिल्यापासून लावली.

"चालव."

बाण पळायला लागला. एक पेशंट, दुसरा, तिसरा. मग मधेच थांबला. स्क्रीनच्या मध्यावर एक छोटी करडी विंडो आली आणि तशीच राहिली.

"वाच."

हर्षल मनातल्या मनात वाचत होता. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग त्या गेल्या, आणि चेहरा पांढरा झाला.

"मोठ्याने."

"'हा रुग्ण सलग तीन पाळ्यांना आलेला नाही. नाव यादीतून काढून पाळी दुसऱ्या रुग्णाला द्यायची का?'"

"खाली?"

"हो… आणि नाही."

"एंटर दाबलं तर कुठलं लागतं?"

"हो."

"वर नाव कुणाचं आहे?"



"तायडे. इंदिराबाई."

मी त्या बटणाकडे बघत होतो. 'हो'भोवती एक ठळक चौकट होती, कुणीतरी येऊन दाबावं म्हणून तयार ठेवल्यासारखी.

"हा प्रश्न कुणाला विचारला होता?" बाई म्हणाल्या.

"सिस्टरना."

"उत्तर कुणी दिलं?"

"मॅक्रोने."

बाईंनी स्क्रीनवरच्या 'हो'वर बोट ठेवलं.

"…मी दिलं."

आणि मग त्याचा बांध फुटला. रडला वगैरे नाही, भडकला. सॉफ्टवेअरच भिकार आहे म्हणाला. असल्या प्रश्नाला 'हो'वर चौकट कोण ठेवतं म्हणाला. काउंटरवरच्या माणसाला डोळे नाहीत का, समोर बाई उभी दिसत नाही का? सिस्टर नेमक्या तेव्हाच सुट्टीवर का गेल्या? डॉक्टरांनी इतके दिवस यादी का बघितली नाही? शाल द्यायला सगळे पुढे होते, आता सगळे माझ्या एकट्याच्या मानगुटीवर. आवाज इतका वाढला की समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

त्यातलं निम्मं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

बाईंनी त्याला मधे तोडलं नाही.

"झालं?"

"झालं."

"आता लिही."

दुपारभर तो लिहीत बसला. बाई बाजूला बसून एकेक ओळ बघत होत्या. आधी विंडोला तिच्या नावाने शोधायचं. सापडेपर्यंत थांबायचं. फारच वेळ लागला तर गुपचूप पुढे जायचं नाही, ओरडून सांगायचं. बटण जागेवरून नाही, नावावरून धरायचं. दाबल्यावर परत वाचून बघायचं की जे दाबलं तेच लागलंय का. आणि अनोळखी विंडो आली तर हात मागे घ्यायचा, जिथे आहोत तिथेच उभं राहायचं. एखादी ओळ बाईंना पटली नाही की त्या नुसतं बोट ठेवायच्या. हर्षल चडफडायचा आणि ती खोडायचा. पोराचा हात चालतो, हे मात्र मला मान्य केलं पाहिजे. माझ्या क्लासमधल्या पोरांना यातलं निम्मं लिहायला आठवडा लागला असता.

शेवटी त्याने बाईंच्या मांडीवरचं फडकं स्वतःच ओढून घेतलं, स्क्रीनवर टाकलं, खाली हात घालून विंडो कुठेतरी फेकून दिली आणि कळ दाबली.

फडकं काढलं तेव्हा नोंदी बरोबर लागत होत्या. जड फाइलपाशी मॅक्रो नुसता उभा राहिला, ती उघडली तेव्हाच पुढे सरकला. आणि त्या छोट्या विंडोपाशी आल्यावर परत थांबला.

"थांबला," हर्षल म्हणाला. पडेल आवाजात.

"थांबू दे की."

"आता सारखा थांबणार, बाई. आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी येऊन वाचायला लागणार. ट्रस्टींना काय सांगू? माणसाशिवाय चालतं म्हणून शाल दिलीय त्यांनी."

"शाल परत कर."

मी हसलो नाही या वेळी. हर्षलचे कान लाल झाले होते.

एक काम राहिलं होतं, आणि तेच खरं काम होतं. दवाखान्याच्या खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंदिराबाईंचं नाव परत घालायचं. डॉक्टरांनी संध्याकाळी एक मशीन त्यांच्यासाठी अडवून ठेवलं होतं. पण नाव यादीत लागल्याशिवाय स्टोअरमधून सामान निघत नाही, आणि सामानाशिवाय मशीन लावता येत नाही. तसा तिथला नियम आहे, आणि स्टोअरवाला त्यापुढे डॉक्टरांचंही ऐकत नाही.

हर्षलने लॅपटॉपवरून दवाखान्याचा कॉम्प्युटर जोडला. या वेळी मॅक्रो नव्हता, तो स्वतःच्या हाताने करत होता. इंदिराबाईंची फाइल उघडायला वेळ लागला. तो थांबला. मग 'पुन्हा दाखल करा' हे बटण त्याने दाबलं.

एक छोटी विंडो आली.

'रुग्णाशी संपर्क झाला असून रुग्ण पाळीला येणार असल्याची खात्री केली आहे का?' हो. नाही.

हर्षलचं बोट एंटरवर गेलं.

वाचलं असेल त्याने, नसेल असं नाही. पण बोट आधीच गेलं होतं.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"केलीस?"

"काय?"

"खात्री."

"बाई, दवाखान्याचे लोक बघतायत ना ते. मी मघाशीच सांगितलं."

"कोण लोक?"

"लता सिस्टर असतील."

"असतील?"

त्याने फोन काढला. सिस्टरना लावला, स्पीकरवर ठेवला. सिस्टर वॉर्डात होत्या, मागे मशीनचे आवाज येत होते.

"अरे, मी सकाळपासून लावतेय त्यांचा फोन," सिस्टर म्हणाल्या. "बंदच लागतोय. मला इथून हलता येत नाही, आठ पेशंट आहेत मशीनवर. ऑफिसमधून पाठवलंय ना कुणाला तरी? काय झालं, आल्या नाहीत का त्या अजून?"

हर्षलने ऑफिसला लावला. तिथला क्लार्क म्हणाला, "इंदिराबाईंचं ना? ते सिस्टर बघतायत. आणि तुम्ही पण बघताय ना? डॉक्टर म्हणाले, हर्षलकडे दिलंय."

फोन बंद झाला.

सकाळपासून सगळे बघत होते. एकजणही गेला नव्हता. मला शिव्या येत होत्या तोंडात, पण द्यायच्या कुणाला? सिस्टरला? क्लार्कला? मीसुद्धा दुपारभर त्याच खोलीत बसून पोराच्या चुका मोजत होतो.

बाईंकडे बघितलं. बाईंचा चेहरा उतरला होता. दुपारी 'बरं' म्हणून शेंगांकडे वळल्या होत्या त्यासुद्धा. आता राग हर्षलवर नव्हता, स्वतःवर होता, हे मला दिसत होतं. त्यांनी त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. नदीपलीकडचं गाव काही लांब नाही, पुलावरून गाडी घातली की आलंच. तिथे एका घरात एक बाई परवापासून मशीनशिवाय होती. फोन बंद होता. का बंद होता, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

स्क्रीनवर विंडो तशीच होती. हो. नाही.

"'हो' दाबलं तर खोटं होईल," हर्षल म्हणाला. स्वतःशीच बोलत होता. "'नाही' दाबलं तर नाव लागणार नाही. नाव लागलं नाही तर सामान निघणार नाही, संध्याकाळची पाळी पण जाईल…"

त्याने बाईंकडे बघितलं. दिवसभरातली सगळी मिजास, सगळा राग कुठल्या कुठे गेला होता. पहिल्या वर्षाला बाकावर बसायचा तसा दिसत होता.

"बाई… मग काय दाबू?"

बाईंनी त्याचं मनगट सोडलं.

"चप्पल घाल."